लाल अक्षरांतली आई

नऊ वाजून गेले आणि यू-जोंगच्या कॉम्प्युटरवर तिच्या आईचं नाव लाल झालं. आधी तिचं लक्षच नव्हतं. एका हातात बांगडा मासळीच्या पेट्यांची चलनं, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर शीतगोदामातला माणूस तिसऱ्या खोलीचा गारठा उतरतोय म्हणून कोकलत होता. पडद्याच्या कोपऱ्यात ती छोटी खिडकी रोजच्यासारखी गुपचूप बसलेली. यू-जोंगनं स्वतः तयार केलेली खिडकी. वर आईचं नाव, पे दल-सुन, त्याखाली एक ओळ, आणि ओळीखाली एक बटण. रोज सकाळी नवाच्या आत आई घरच्या कॉम्प्युटरवर ते बटण दाबायची, की इथे ओळ हिरवी होऊन अक्षरं उमटायची: उठले, जेवले, गोळी घेतली. तेवढं वाचलं की यू-जोंगला दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा. आज तिनं फोन खाली ठेवला, मान वळवली आणि तिला दिसलं ते नाव. मोठ्या अक्षरांत, ठसठशीत, लालभडक.

जित्या माणसाचं नाव लाल रंगात लिहीत नाहीत. हे काय कुणी शिकवावं लागतं? पुसानमधल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. दुसरीत असताना वर्गातल्या एका मुलीनं भांडणाच्या रागात शेजारणीचं नाव लाल खडूनं फळ्यावर लिहिलं होतं, तर कधी कुणावर आवाज न चढवणाऱ्या बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या, आणि फडकं शोधत न बसता त्यांनी ते नाव तळहातानं पुसलं होतं. आई तेव्हा मासळीबाजारात बसायची, बांगडे चिरायची. तिच्या टोपावर नाव घालून द्यायला एक रंगारी आला होता, पोरसवदा, नवशिका, त्याच्याजवळ उरलेला रंग लालच. पहिलं अक्षर काढून होतंय तोच आई सुरा हातात घेऊन उठली. "ए बाबा," ती म्हणाली, "मला अजून दोन पोरं पोसायचीत. आत्ताच कशाला धाडतोस?" सगळा बाजार हसला होता. रंगाऱ्यानं रॉकेल लावून अक्षर खरवडलं, आणि आईनं तो टोप पुढं दोन दिवस वापरला नाही, उपडा घालून ठेवला. हसली तीही होती, पण टोप उपडाच ठेवला होता.

यू-जोंगनं पुन्हा एकदा घड्याळ पाहिलं. नाव लाल झालं याचा अर्थ एवढाच, की आईनं नवाच्या आत बटण दाबलं नाही. एवढाच, एवढाच, असं ती स्वतःला बजावत राहिली. तसं तिनंच तर सांगून ठेवलं होतं या खिडकीला. घड्याळ बघ, नऊ वाजलेत का बघ, बटण दाबल्याची खूण नसेल तर रंग बदल. त्यात मरणबिरण काही नव्हतं. पण मग आईनं बटण का दाबलं नाही? तीन महिन्यांत एकदाही चुकली नव्हती ती. उलट सहालाच दाबून मोकळी व्हायची, आणि वर संध्याकाळी ऐकवायची, "तुझ्या खिडकीला म्हणावं, म्हातारी कोंबड्याच्या आधी उठते."

"अगं बाई, हे काय लिहून ठेवलंयस?" मागून ग्युम-हि ताईंचा आवाज आला. त्या हिशेब बघायच्या, यू-जोंगहून दहा वर्षांनी मोठ्या, कुणाच्याही पडद्यात मान घालायची त्यांना सवय. "कुणाचं नाव आहे?"

"आईचं."

ग्युम-हि ताईंनी तोंडावर हात ठेवला. "पूस बघू आधी. कुठली ही थट्टा?"

"पुसता येत नाही, ताई. तिनं तिकडे बटण दाबल्याशिवाय ते जात नाही."

ताईंनी टेबलावरचा चलनाचा कागद उचलला आणि पडद्याच्या त्या कोपऱ्यावर टेकवून धरला, नाव झाकलं जाईल असा. यू-जोंग घरी फोन लावत होती. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. खालच्या मजल्यावरच्या मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सोल शहरात मुलीकडे गेलेल्या, म्हणजे दार वाजवून बघायलाही कुणी नाही. "तू जा," ग्युम-हि ताई म्हणाल्या, "मी बघते इथलं." ऑफिसप्रमुख यांगसाहेबांनी मात्र चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "कॉम्प्युटरवर रंग बदलला म्हणून घरी चाललात? तुमचा तो दूरशिक्षणाचा अभ्यास ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको, असं मी तेव्हाच म्हणालो होतो." ती 'हो साहेब' म्हणाली, कोट घेतला आणि निघाली. दाराशी येऊन तिनं एकदा मागं पाहिलं. ताई तो कागद तसाच धरून उभ्या होत्या, हात दुखेल याचा विचारही नसावा.

बसमध्ये जागा मिळाली, पण तिला बसवेना. ती दांडीला धरून उभी राहिली आणि फोन कानाला लावून घंटा ऐकत राहिली. या सगळ्याच्या नादी मी लागले कशाला, असं तिच्या मनात आलं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कुणी सांगितलं होतं कॉम्प्युटरच्या खिडक्या बनवायला शिकायला? पण सांगितलं होतं ते एका अर्थी थोरल्या भावानंच. सुगीच्या सणाला उल्सानहून आला होता. पूर्वजांच्या पानावरचं उरलेलं खाताखाता म्हणाला, आईला आता वृद्धांच्या रुग्णालयात ठेवू. चांगलं आहे, समुद्र दिसतो. आई स्वयंपाकघरात होती, तिला ऐकू जाईल असंच म्हणाला. "दिवसभर घरात एकटी असते. पडली तर तुला संध्याकाळी कळणार. तेव्हा काय करशील?" आई आतून म्हणाली, "समुद्र मी चाळीस वर्षं बघितलाय. वास मारतो." आणि विषय तेवढ्यावर राहिला. भाऊ जाताना मात्र दाराशी बूट चढवताना हळूच म्हणाला, "वसंत येईपर्यंत बघ. मग मी ऐकणार नाही." त्याच आठवड्यात तिनं दूरशिक्षणाच्या वर्गात नाव घातलं. खिडक्या आणि बटणं, प्राथमिक ओळख. म्हटलं, आई बरी आहे हे रोज सकाळी आपल्याला कळलं, तर तिला घरातून हलवायचं कारण उरणार नाही.

प्राध्यापक मिन म्हणून होते. तिनं त्यांना प्रत्यक्षात कधी पाहिलं नाही. पडद्यावर खांद्यापर्यंतच दिसायचे, मागे एक सुकलेली कुंडी, आणि बोलताना दर दोन वाक्यांनी घसा खाकरायचे. पहिल्याच धड्यात त्यांनी एक रिकामी खिडकी उघडून दाखवली आणि बराच वेळ काही केलंच नाही. मग म्हणाले, "ही काय करतेय, सांगा. काही नाही. ही वाट बघतेय. कुणी येईल, बोट लावेल, अक्षर टाईप करेल. तोवर ही फक्त वाट बघते. तुमचा प्रोग्राम म्हणजे नव्वद टक्के वाट बघणं." यू-जोंग एकटीच हसली होती तेव्हा. तिला ते एकदम कळलं होतं. लग्न मोडून ती आईकडे परत आली तेव्हापासून आईनं दुसरं काय केलं होतं? तिनं परत लग्न करावं याची वाट, मग ते सोडून तिनं वेळेवर जेवावं याची वाट, आणि आता तर नुसती संध्याकाळी दार उघडण्याची. धडे तिला जमत गेले. पाटी म्हणजे अक्षरं दाखवणारा तुकडा. बटण म्हणजे बटण. बटण दाबलं की काय घडायचं ते आपण आधी लिहून ठेवायचं. शेवटी गृहपाठ दिला: घरातल्या एखाद्या गरजेची खिडकी करा. तिच्याजवळ गरज तयारच होती. वर्गातल्या चर्चेत गांगवोनकडच्या एका निवृत्त पोस्टमननं तिला सांगितलं की दोन्ही कॉम्प्युटरना दिसेल अशा एका सामायिक जागी खूण ठेवायची, म्हणजे आईनं घरी दाबलं की ऑफिसात दिसेल. ते चालू झालं त्या दिवशी तिनं आईला खाली बसवलं, तिचं वाकडं बोट माऊसवर ठेवलं, आणि दोघींनी मिळून दाबलं. आई म्हणाली, "एवढंच? यासाठी पैसे भरलेस?"

बस बंदरावरून वळली. घंटा वाजतच होती. आता तिला वेगळीच भीती वाटू लागली, ती अशी की हे लाल आलं कुठून? कारण नाव लाल व्हायला नको होतं. लाल व्हायची होती खालची ओळ. रविवारचं सगळं तिला आठवू लागलं. गृहपाठ तपासणाऱ्यांचा शेरा आला होता: इशारा पुरेसा ठळक नाही, उशीर झाल्यास लक्ष वेधेल असा रंग द्या. तोवर उशिराचा रंग राखाडी होता. दुपारची वेळ, जेवणं झालेली, आई मागे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मोड आलेल्या कडधान्याच्या शेपट्या खुडत बसलेली. "काय चाललंय?" आईनं विचारलं. "तू उशीर केलास तर आता ही ओरडणार," यू-जोंग म्हणाली. "माझ्यावर ओरडणारा गेला कधीच," आई म्हणाली, "ही कोण टिकोजीराव?" यू-जोंग हसत हसत लिहीत होती. प्राध्यापक मिननी दहादा सांगितलं होतं की प्रत्येक पाटीला ओळखू येईल असं नाव द्या. पण तिनं आळसानं पाटी एक, पाटी दोन असंच ठेवलं होतं. एक म्हणजे नाव, दोन म्हणजे ओळ. लाल द्यायचा तो दोनला, आणि तिनं दिला एकला. चाचणी घेतली तेव्हा नावाच्या जागी 'चाचणी' हाच शब्द टाकला होता. तो लाल झाला, ती म्हणाली छान, आणि मग तिथं आईचं नाव घालून मोकळी झाली. आई सोमवारपासून सहालाच दाबत होती, त्यामुळे लाल उमटायची वेळ आजवर आली नाही. बस, इतकी साधी चूक. कुणालाही सांगता आली असती.

पण स्वतःला सांगता येईना. तिला राहून राहून आठवत होतं की तो आकडा टाकताना तिचं बोट क्षणभर थांबलं होतं. खरंच थांबलं होतं, की आत्ता या बसमध्ये ती ते थांबणं मनानं घालतेय? बोटाला काही माहीत असतं का? मागच्या महिन्यात आईनं एकाच आठवड्यात तिसऱ्यांदा अंथरूण घाण केलं. यू-जोंग मोरीत उकिडवी बसून चादर घासत होती, गुडघ्यांत कळा येत होत्या, आई दाराशी भिंतीला धरून उभी होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, ठेव ते, मी करते, ठेव. तेव्हा तिच्या मनात एक वाक्य आलं होतं. तिनं ते पुरं होऊ दिलं नाही. पाणी जोरात सोडलं, म्हणजे ते बुडेल. आणि आज सकाळी, ते लाल नाव पाहिल्यावर, फोनकडे हात जायच्या आधी, अगदी निमिषभर आधी, तिचे खांदे सैल पडले होते. ग्युम-हि ताईंनी पाहिलं नसेल. कुणीच पाहिलं नसेल. पण तिचे खांदे होते, तिला कळलं होतं. मी इतकी वाईट आहे का, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत पुन्हा फोन लावला. शेजारी बसलेली म्हातारी तिच्याकडे बघत होती. "बस गं पोरी," ती म्हणाली, "चेहरा बघ केवढा उतरलाय." यू-जोंगला तिच्याकडे पाहवेना.

योंगदोच्या टेकडीच्या पायथ्याशी ती छोट्या बसमध्ये चढली. ही बस वर चढत जाते, वळणावळणांनी, प्रत्येक वळणावर जहाजं खाली खाली जातात. दुसऱ्या वळणावर तिच्या ध्यानात आलं ते इतका वेळ का आलं नाही कोण जाणे. खिडकी एक नव्हतीच. घरी आईसमोर आहे तीही हीच. एकच प्रोग्राम दोन्हीकडे चालतो, जे इथे दिसतं ते तिथे दिसतं. म्हणजे आई जर जिवंत असेल, आणि काहीतरी कारणानं नवाच्या आत बटणापाशी पोचली नसेल, तर नऊ वाजता तिच्याही समोर तिचं नाव लाल झालं. तिनं ते वाचलं. आईला फारसं वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव येतं. आणि ते कुणी लिहिलंय हेही तिला ठाऊक आहे, कारण लिहिताना ती मागे बसली होती. इतका वेळ तिला वाटत होतं की आई मेली असेल ही सगळ्यात मोठी भीती. आता तिला आई जिवंत असण्याची भीती वाटू लागली, आणि या भीतीचं काय करायचं ते तिला कळेना. तिनं फोन बंद करून खिशात टाकला. आईनं उचलला असता तर ती काय बोलणार होती?

घराकडच्या पायऱ्या ती एका दमात चढली. दाराच्या कुलपाचे आकडे दोनदा चुकले. तिसऱ्यांदा लागले. आत साबणाचा वास होता. ओल्या केसांचा, गरम पाण्याचा वास, आणि मोरीचं दार उघडं. "आई," तिनं हाक मारली.

"आलीस? इतक्या लवकर?"

आई कॉम्प्युटरच्या बैठ्या टेबलासमोर बसली होती. केस धुऊन, तेल लावून, घट्ट अंबाडा घातलेला. अंगावर जाड, पिवळसर, न वापरलेले तागाचे कपडे. यू-जोंगला आधी ते ओळखूच आले नाहीत, कारण तिनं ते फक्त घडी घातलेले पाहिले होते, कपाटाच्या वरच्या खणात, कापराच्या गोळ्यांसोबत. आईनं अधिक महिन्यात हौसेनं शिवून घेतले होते. तिच्या वयाच्या सगळ्याच बायका घेतात, आपापले शेवटचे कपडे. बाह्या इतक्या लांब की हात दिसत नव्हते. पडद्यावर पे दल-सुन हे नाव तसंच लाल होतं.

"फोन का नाही उचललास?" यू-जोंगनं विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"आंघोळ करत होते. पारोसं कसं जायचं?" आई म्हणाली. मग तिनं लांब बाहीतून बोट काढून पडद्याकडे दाखवलं. "सकाळी जरा पोट बिघडलं होतं, मोरीतच वेळ गेला. येऊन बघते तर हे. रागावले नाही हं मी. म्हटलं, पोरीला तोंडानं सांगवत नसेल, म्हणून लिहिलं. तुझा स्वभावच तसा, लहानपणी भूक लागली तरी सांगायची नाहीस, ताटली घेऊन येऊन बसायचीस."

"आई, चूक झाली माझी. रंग खालच्या ओळीला द्यायचा होता. चुकून वर गेला. नुसता एक आकडा चुकला."

"असेल," आई म्हणाली. तिनं ते खोडून काढलं नाही, आणि मानलंही नाही. यू-जोंग खाली बसली, बूटही काढायचे राहिले होते. तिनं माऊस ओढून घेतला, बटण दाबलं. नावाचा लाल रंग गेला, खाली हिरवी ओळ उमटली: उठले, जेवले, गोळी घेतली. आईनं ते पाहिलं न पाहिलंसं केलं. ती यू-जोंगकडेच बघत होती.

"दमलीयस तू," आई म्हणाली. "मला काय दिसत नाही होय? तू चादरी धुतेस तेव्हा पाणी मोठं सोडतेस. पूर्वी नव्हतीस सोडत." मग ती जरा पुढं सरकली. छातीवरच्या दोन नाड्या मोकळ्या लोंबत होत्या. "एवढं बांधून दे. माझी बोटं वळत नाहीत आता. गाठ तेवढी मारू नकोस. याला गाठ मारायची नसते, नुसतं गुंडाळून आत खोचायचं. गाठ मारली की माणूस इथंच अडकून राहतं."

यू-जोंगनं नाड्या हातात घेतल्या. ताग खरखरीत होता, बोटांना टोचत होता. आईच्या गळ्याशी शीर उडत होती, हळू पण उडत होती. नाही गं, मी कुठं दमलेय, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. तेवढं म्हटलं की झालं असतं. पण ते तिच्यानं म्हणवेना.

"दमलेय मी, आई," ती म्हणाली. "फार दमलेय."

आणि तिनं गाठ मारली. करकचून, आईचा श्वास जरा अडकेल इतकी. मग तिच्यावर दुसरी.

आई मान वाकवून छातीकडे बघत राहिली. "अगं, काय केलंस हे? आता ही सुटायची कशी?"

तिसऱ्या गाठीपुरती नाडी उरली नव्हती, तरी यू-जोंग दोन्ही टोकं ओढत राहिली.